घरची दुरुस्ती आपल्या हाताने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी पार्किंगमध्ये एक जुनं टेबल मांडतो. शेजारीपाजारी बिघडलेल्या वस्तू घेऊन येतात आणि आम्ही तिघं-चौघं त्या उघडून बघतो. अट एकच. वस्तू ज्याची, त्याने शेजारी बसायचं आणि स्क्रू त्यानेच काढायचे. त्या टेबलावर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे उतरवले आहेत. माझे वडील वीज मंडळात लाइनमन होते, म्हणून हत्यारं लहानपणापासून घरात होती. मी स्वतः मात्र बँकेत नोकरी केली. म्हणजे इथलं सगळं मागाहून शिकलेलं, आणि बरंचसं चुकत चुकत.

मला यातलं काहीच येत नाही. सुरुवात कशापासून करू?

नळापासून. पाणी अंगावर उडालं तर कपडे भिजतात, तेवढंच. विजेकडे मागाहून या.

त्याआधी एक काम मात्र करून टाका. एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरातल्या माणसांना एकेका खोलीत उभं करा, विजेच्या खटक्यांच्या डब्यातली, म्हणजे डीबीतली, एकेक एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) खाली पाडा आणि ओरडून विचारा, "काय गेलं?" जे गेलं ते कागदाच्या पट्टीवर लिहून त्या एमसीबीखाली चिकटवा. आमच्याकडे ‘किचन’ लिहिलेली एमसीबी प्रत्यक्षात बाथरूमच्या गिझरची निघाली. बारा वर्षं तसंच चाललं होतं.

दुसरं म्हणजे बिघाड शोधायचा कुठे, हे डोक्यात बसवा. घरातली वस्तू बहुधा चार जागी बिघडते: जिथे वाकते, जिथे घासते, जिथे तापते आणि जिथे भिजते. इस्त्रीची वायर मुठीपाशी तुटते, कारण तिथे ती वाकते. मिक्सरचा कप्लर, म्हणजे मोटर आणि भांड्यातलं पातं जोडणारी चकती, घासतो. गिझरचा प्लग तापून काळा पडतो. नळाचा वॉशर सदा पाण्यात असतो. मोटर जळणं, सर्किट जाणं हे त्या मानाने कमी. म्हणून आधी बाहेरून, या चार जागा बघायच्या. तिथे काही सापडलं नाही तरच झाकण उघडायचं की नाही याचा विचार.

विजेची फार भीती वाटते. एमसीबी आहे ना, मग काय होणार?

भीती वाटते ते ठीकच आहे. चुकीचा आहे तो एमसीबीवरचा भरवसा.

आपल्या घरात २३० व्होल्ट येतात. नऊ वॉटचा एलईडी दिवा पेटायला साधारण ४० मिलीअँपिअर प्रवाह लागतो. माणसाचं गणित त्याहून नाजूक आहे. १० मिलीअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वायर सोडता येत नाही. ३० च्या पुढचा प्रवाह छातीतून थोडा वेळ जरी गेला तरी जिवावर बेतू शकतं. आता एमसीबी बघा. ६ अँपिअरची एमसीबी ६ अँपिअरच्या आत कधीच पडत नाही, आणि ६ अँपिअर म्हणजे त्या ३० मिलीअँपिअरच्या दोनशेपट. तुम्ही वायरला चिकटलात तरी तिला पत्ता लागणार नाही. तिचं काम वायरिंग वाचवणं आहे.

माणसाला वाचवते ती आरसीसीबी. गेलेला आणि परत आलेला प्रवाह यांत ३० मिलीअँपिअरचा फरक दिसला की ती लाइन तोडते. बरेच वायरमन तिला अजून ‘ईएलसीबी’च म्हणतात. डीबीत ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असेल तर ती तुमच्याकडे आहे. महिन्यातून एकदा ते बटण दाबा. खटका पडला नाही तर ती असून नसल्यासारखी. नसेल तर वायरमनला बोलावून बसवून घ्या, आणि ती बसेपर्यंत विजेच्या वस्तू उघडू नका. अर्थात तिच्याही मर्यादा आहेत. एका हातात फेज (वीज आणणारी वायर) आणि दुसऱ्यात न्यूट्रल (ती परत नेणारी) धरलात तर तिच्या लेखी तुम्ही एक बल्ब असता.

मेन स्विच बंद केला की वीज गेली ना? मग टेस्टर कशाला?

या प्रश्नाचं उत्तर मला शॉक बसून मिळालं, म्हणून जरा लांबण लावते.

दिवाळीच्या साफसफाईत हॉलमधला दिवा काढायचा होता. मेन पाडला, फ्रिज बंद झालेला पाहिला आणि स्टुलावर चढले. होल्डरला हात लागला तो सणकन झटका. हॉलचे दिवे-पंखे इन्व्हर्टरवर होते हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मेन पडल्याबरोबर इन्व्हर्टरने इमानेइतबारे आपलं काम सुरू केलं होतं. स्टुलावरून पडले नाही ते नशीब.

म्हणून इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण वेगळं बंद करायचं, आणि त्याचं आउटपुट ज्या स्विचवरून घरात जातं तोही. नुसत्या बटणाने काही इन्व्हर्टर बायपासवर जातात, म्हणजे बाहेरची वीज तशीच पुढे सोडतात.

आणखी दोन सापळे आहेत. जुन्या घरांत कुणीतरी स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेला असतो. बटण बंद, पंखा बंद, पण पंख्याच्या वायरीत फेज उभीच. दुसरा सापळा लोडशेडिंगचा. "लाइट गेलीच आहे, तेवढ्यात करून घेऊ" म्हणून लोक स्विचबोर्ड उघडतात, आणि लाइट सांगून येत नाही. लाइट गेली असली तरी मेन पाडायचाच.

टेस्टर वापरायचा तो तीन टप्प्यांत. आधी जिथे वीज नक्की आहे अशा चालू सॉकेटवर तो पेटतो का बघा. मग जिथे काम करायचं तिथे प्रत्येक वायरीला लावा. मग पुन्हा चालू सॉकेटवर. शेवटचा टप्पा सगळे गाळतात. पण मधल्या मिनिटात टेस्टरच मेला असेल तर ते तिथेच कळतं.

वडील सवयीने कुठल्याही धातूला आधी हाताची पालथी बाजू लावायचे. शॉक बसला तर मूठ मिटते आणि हात मागे येतो, हे त्यांचं कारण. सवय चांगली आहे, पण तिला टेस्टर समजू नका.

टेस्टर दोन्ही वायरींवर पेटतो, तरी पंखा फिरत नाही. हे काय?

वायरमनच्या भाषेत ‘रिटर्न येतोय’. कुठेतरी न्यूट्रल तुटली आहे. फेज पंख्याच्या वाइंडिंगमधून (मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीतून) फिरून न्यूट्रलच्या वायरीत येऊन उभी राहते, पण तिला पुढे जायला वाट नाही. अशा वेळी न्यूट्रलची काळी वायरही तेवढीच धोक्याची. एकाच खोलीत असं होत असेल तर बोर्डातला स्क्रू सैल झालेला असतो. सगळ्या घरात होत असेल, दिवे कमीजास्त होत असतील, तर मेन पाडून ठेवा आणि वायरमनला बोलवा. हे काम आपलं नाही.

हत्यारं कोणती घ्यावीत?

चांगला टेस्टर, इन्सुलेटेड मुठीची पक्कड, छोटा-मोठा असे दोन चपटे आणि दोन फुलीचे स्क्रू ड्रायव्हर, एक ॲडजस्टेबल पान्हा, वायर सोलायचं कटर, टेफ्लॉन टेप, काळी इन्सुलेशन टेप, डोक्याला बांधायची बॅटरी. आणि साधा डिजिटल मल्टिमीटर. बाजारात मिळणारा पिवळा, स्वस्तातला चालेल, पण त्याने फक्त प्लग काढलेल्या वस्तू तपासायच्या. चालू लाइनचा व्होल्टेज बघायला त्याच्या पिना आणि वायरी भरवशाच्या नसतात.

शंभर तुकड्यांचा टूलकिट घेऊ नका. त्यातली नव्वद हत्यारं डब्यातच राहतात आणि उरलेल्या दहांची टोकं दोन महिन्यांत झिजतात.

पंखा पाचवर ठेवला तरी रेंगाळतो. बदलू का?

आधी कॅपॅसिटर बदला. शंभर रुपयांच्या आत येतो. आमच्या टेबलावर सगळ्यांत जास्त वेळा सांगितलेलं वाक्य हेच.

छताच्या साध्या पंख्यात बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर असतो, काहींत ३.१५ चा. आगपेटीएवढा डबा किंवा छोटी गोल नळी, त्यावर आकडा आणि ‘४४० व्होल्ट’ असं छापलेलं. वर्षानुवर्षं तापून त्याची क्षमता उतरते आणि पंख्याचा जोर जातो. हाताने ढकलल्यावरच पंखा सुरू होत असेल तर खात्रीच समजा.

मेन बंद, इन्व्हर्टर बंद, टेस्टरचे तीन टप्पे. भक्कम घडीची शिडी घ्या. खुर्चीवर स्टूल ठेवून चढू नका, आणि खाली धरायला माणूस हवा. पंख्याच्या दांड्यावरची वाटी स्क्रू सैल करून खाली सरकवली की कॅपॅसिटर दिसतो. काही पंख्यांत तो पात्यांच्या खालच्या झाकणात असतो. बंद पंख्याच्या कॅपॅसिटरमध्येही थोडी वीज शिल्लक असू शकते. म्हणून इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हरच्या पात्याने त्याची दोन्ही टोकं एकदा एकमेकांना जोडा. बारीकशी ठिणगी उडाली तर दचकू नका, एवढ्यासाठी आधीच सांगते. मग जोडणीचा फोटो काढा, जुना काढा, नवा त्याच दोन जागी लावा. याला उलटसुलट नसतं, कुठलंही टोक कुठेही चालतं. आकडा मात्र तोच हवा. "मोठा टाकू, वारा जास्त येईल" हा मोह महागात पडतो, वाइंडिंग तापतं आणि पंखाच जातो.

वर चढलाच आहात तर आणखी एक बघा. दांडा जिथे मोटरला जोडलेला असतो तिथे बोल्ट असतो, त्याला नट आणि नटापुढे दोन पायांची छोटी स्प्लिट पिन. नट थरथरीने सैल होऊ शकतो. तो गळून पडू नये म्हणून ती पिन. आमच्या इमारतीत तीन घरांत ती नव्हतीच, एकीकडे तिच्या जागी स्टेपलरची पिन वाकवून घातलेली. पंखा डोक्यावर फिरतो, म्हणून या दोन रुपयांच्या वस्तूकडे कॅपॅसिटरहून जास्त लक्ष द्या.

नवे वीज वाचवणारे, रिमोटवाले बीएलडीसी पंखे वेगळे. त्यांत हा कॅपॅसिटर नसतो, इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो. तो गेला तर कंपनीकडून बोर्डच बदलून घ्यावा लागतो.

मिक्सर मध्येच बंद पडला. मोटर गेली का?

उलटा करून बुडाशी बघा. बहुतेक मिक्सरला तिथे लाल बटण असतं. भार जास्त झाला की ते बाहेर येतं आणि मोटर वाचते. प्लग काढा, दहा मिनिटं थांबा, बटण आत दाबा. ओल्या खोबऱ्याने किंवा इडलीच्या घट्ट पिठाने भांडं गच्च भरलं होतं का, हे स्वतःलाच विचारा.

मोटरचा आवाज येतो पण पातं फिरत नाही, तर कप्लर झिजलाय. हा कप्लर काढताना भले भले रडतात, कारण तो नेमका कुठल्या दिशेने सुटतो हे कुणी सांगत नाही. पाठ करायची गरज नाही, विचार केला की कळतं. मोटर फिरताना भांड्यातलं वाटण कप्लरला मागे ओढत असतं. त्या ओढीने तो सुटू नये, उलट घट्ट व्हावा, म्हणून आटे त्याप्रमाणे पाडलेले असतात. तेव्हा सोडवायचा असेल तर दांडा स्थिर धरून, मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने कप्लर फिरवायचा. दांडा धरायला बऱ्याच मिक्सरमध्ये खालचं झाकण काढलं की दांड्याच्या बुडाला खाच दिसते, तिच्यात स्क्रू ड्रायव्हर बसतो. टेबलफॅनच्या पात्यापुढची टोपी उलटी फिरवावी लागते त्यामागेही हेच कारण.

आत ठिणग्या दिसतात आणि जळका वास येतो, तर फिरत्या मोटरला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजले असतील. ते जोडीने बदलतात, एकच नाही. आणि चटणीत काळपट रेघ दिसली तर ती भांड्याच्या बुडातल्या झिजलेल्या बुशची, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो त्या नळीची. ती चटणी टाका, भांडं दुकानात न्या.

इस्त्री तापत नाही. घरी तपासता येते?

हो, आणि तेही प्लग न लावता. मल्टिमीटर शिकायला इस्त्रीसारखी वस्तू नाही.

प्लग हातात घ्या, इस्त्रीचा डायल पुढे करा, मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि त्याच्या दोन काड्या प्लगच्या दोन बारीक पिनांना लावा. ७५० वॉटच्या इस्त्रीला साधारण ७० ओहम दिसले पाहिजेत, १००० वॉटच्या इस्त्रीला ५३ च्या आसपास. व्होल्टचा वर्ग भागिले वॉट, शाळेतलंच गणित. आकडा आला तर एलिमेंट, म्हणजे आतली तापणारी तार, शाबूत, मग तुमचं सॉकेट तपासा. काहीच आलं नाही तर काड्या तशाच ठेवून दुसऱ्याला वायर मुठीपाशी हळूहळू वाकवायला सांगा. आकडा येतो-जातो झाला की तुटलेली जागा सापडली.

आता सगळ्यात महत्त्वाची दोन मापं. जाड लांब पिन आणि इस्त्रीचा धातूचा तळ: इथे जवळपास शून्य ओहम हवेत, म्हणजे अर्थिंग जोडलेलं आहे. बारीक पिन आणि तळ: इथे काहीच दिसता कामा नये. दिसलं तर वीज तळात उतरते आहे. ती इस्त्री पुन्हा लावू नका.

वायर तुटली असेल तर टेप गुंडाळून सांधू नका. तापणाऱ्या वस्तूची वायर अख्खी बदलायची, तीसुद्धा कापडी वेष्टनाची, उष्णता सोसणारी. जोडताना तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. भिंतीतल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल, काळी, हिरवी असा क्रम असतो, पण जुन्या घरात रंगावर विश्वास ठेवू नका, टेस्टरवर ठेवा.

तिसरी पिन काढून टाकली तरी सगळं चालतं. मग ती कशाला?

चालतं, कारण ती चालवायला नसतेच. आतली वायर सुटून धातूच्या अंगाला लागली तर विजेला तुमच्यातून न जाता जमिनीत जायला वाट हवी, ती ही पिन. म्हणून ती लांब असते, सगळ्यांच्या आधी आत जाते आणि सगळ्यांच्या नंतर बाहेर येते. फ्रिजला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, पावसाळ्यात वॉशिंग मशीन ‘चावतं’, ही अर्थिंग नसल्याची तक्रार समजा. रबरी चपला घालणं हा त्यावरचा इलाज नाही.

गिझर, एसी यांना १६ अँपिअरचं मोठं सॉकेट लागतं. दोन हजार वॉटचा गिझर पावणेनऊ अँपिअर ओढतो. तो ६ अँपिअरच्या छोट्या पिनेत अडॅप्टर लावून चालवला की प्लग वितळलाच म्हणून समजा.

नळ ठिबकतो. प्लंबर पाहिजे का?

नको. हा तुमचा पहिला धडा.

त्या नळाचा कॉक किंवा टाकीकडचा व्हॉल्व्ह बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या. बेसिनच्या जाळीवर फडकं टाका, नाहीतर पहिलाच स्क्रू मोरीतून खाली जातो. माझा गेला होता. नळाच्या डोक्यावरची लाल-निळी टिकली नखाने उचकटली की खाली स्क्रू असतो. मूठ निघते. त्याखालचा षटकोनी भाग पान्ह्याने सोडवला की स्पिंडल, म्हणजे मुठीबरोबर फिरणारा दांडा, बाहेर येतो.

बरेच फेरे फिरवावा लागणारा जुन्या पद्धतीचा नळ असेल तर स्पिंडलच्या टोकाला काळा रबरी वॉशर दिसेल, ज्याला बरेच प्लंबर वायसर म्हणतात. त्यावर गोल खड्डा पडला असेल तर बदला. पाव फेऱ्यात उघडणारा नळ असेल तर आत चिनीमातीच्या चकत्या असतात, तिथे अख्खा स्पिंडल बदलतात. जुना खिशात घालूनच दुकानात जा. मूठ बसण्याचे दाते आणि लांबी कंपनीगणिक बदलते, आणि ‘अर्ध्या इंचाचा’ एवढं सांगून चुकीचाच मिळतो.

अख्खा नळ बदलताना टेफ्लॉन टेप आट्यांवर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळा, आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून. उलटी गुंडाळली तर नळ बसवताना ती उलगडून गोळा होते. आणि जोर आवरा. क्रीम रंगाचे सीपीव्हीसी पाइप असलेल्या घरात जास्त आवळलं की भिंतीच्या आतला जोड तडकतो, मग फरशी फोडायची वेळ येते. हात घट्ट, वर पान्ह्याने थोडंसं, बास.

धार बारीक झाली असेल तर नळ चांगलाच आहे. तोंडाची जाळी काढून लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवा. बोअरच्या जड पाण्याची पांढरी पुटं निघून जातात.

कुकरची शिट्टी होत नाही, बाजूने वाफ जाते.

रिंग काढून ताणून बघा. कडक झाली असेल, बारीक चिरा असतील तर नवी, त्याच कंपनीची, त्याच लिटरची. झाकणावरची नळी उजेडाकडे धरा, आरपार दिसलं पाहिजे. डाळीचा फेस अडकून ती बुजते, सुईने साफ होते.

सेफ्टी व्हॉल्व्हच्या बाबतीत मी कडक आहे. आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास असतं. नळी बुजली, पाणी आटलं, तापमान वाढत गेलं, तर त्या व्हॉल्व्हमधला मऊ धातू वितळून वाफ मोकळी करतो. तो एकदा उडाला की नवीन, कंपनीचाच. तिथे नटबोल्ट ठोकून भोक बंद केलेला कुकर मी एकदा पाहिला. तो घेऊन आलेले काका म्हणाले, "सहा महिने झाले, काही होत नाही." नळी बुजेपर्यंत काही होणार नव्हतंच. तो कुकर आम्ही परत घरी नेऊ दिला नाही.

गॅसच्या शेगडीचं काय?

बर्नर काढून, भोकं सुईने आणि ब्रशने साफ करून, पूर्ण वाळवून परत बसवणं एवढं आपलं. ज्योत पिवळी, भांड्याला काजळी धरते तेव्हा बहुधा हेच कारण. नळीवर छापलेली तारीख बघा, सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची. जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघा. काडी पेटवून बघणारे अजून आहेत म्हणून सांगते: नाही.

रेग्युलेटर, व्हॉल्व्ह, पाइप गॅसची लाइन यांना हात लावू नका. वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, आणि विजेचं कुठलंच बटण दाबायचं नाही, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून वास विरला तरी घाई नको. बाहेर जाऊन १९०६ वर फोन करा.

कुठल्या वस्तू उघडायच्याच नाहीत?

मायक्रोवेव्ह पहिला. त्यातला कॅपॅसिटर दोन हजार व्होल्टच्या वरचा असतो आणि प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. पंख्याच्या कॅपॅसिटरसारखं त्याच्याशी वागू नका. जुना डब्याचा टीव्ही, त्याच कारणासाठी. एसी-फ्रिजची गॅसची बाजू. फुगलेली मोबाइलची बॅटरी. गॅस गिझर: त्याची दुरुस्ती तर नकोच, पण तो बंद बाथरूमच्या आत असेल तर आधी बाहेर काढून घ्या. त्यातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालणं जमेल, पण अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक गाफील राहतात. पान्हा आणि बांगडी मिळून दोन टोकं जोडली गेली तर बांगडी क्षणात लालबुंद होते. आत ॲसिड कधीही घालायचं नाही, आणि आसपास काडी ओढायची नाही.

भिंतीतलं वायरिंग, नवा पॉइंट, डीबी बदलणं हे परवानाधारक वायरमनचं काम. मीटरचं सील तोडणं तर वीज कायदा २००३ नुसार गुन्हा आहे.

उघडलं, पण परत बसेना!

सगळ्यांचं होतं. प्रत्येक टप्प्याला फोटो काढा. अंड्याच्या ट्रेमध्ये ज्या क्रमाने स्क्रू निघाले त्या क्रमाने ठेवा, बसवताना उलटीकडून सुरू करा. स्क्रू काढूनही झाकण निघत नसेल तर जोर लावण्याआधी कंपनीचं स्टिकर आणि रबरी पाय यांच्याखाली चाचपा, एक स्क्रू तिथे लपवलेला असतोच. शेवटी एक स्क्रू उरला तर "एक्स्ट्रा असेल" म्हणून हसू नका, पुन्हा उघडा.

वॉरंटी असताना उघडलं तर?

बहुधा वॉरंटी जाते. तोवर कंपनीलाच राबवा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं या चार क्षेत्रांतल्या कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एका जागी मिळावी असा हेतू.

रीतसर शिकायचं तर कुठे?

पोटापाण्यासाठी शिकायचं असेल तर आयटीआय. इलेक्ट्रिशियन आणि वायरमन हे दोन्ही दोन वर्षांचे ट्रेड आहेत. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे. वेल्डिंग, वीज, शेती, स्वयंपाक असं सगळं हाताने करत शिकायचा तिथला वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम आहे.

घरापुरतं शिकायचं तर गल्लीतल्या मेकॅनिकसारखा गुरू नाही. "समोर बसून बघू का? पैसे पूर्ण देते," असं विचारून बघा. बहुतेक जण स्टूल पुढे करतात. सुट्या भागांसाठी पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत विजेच्या सामानाला लोहार चाळ आणि इलेक्ट्रॉनिक्सला लॅमिंग्टन रोड. गर्दीच्या वेळी जाऊ नका, दुकानदाराला बोलायला फुरसत हवी.

मुलांना शिकवावं का?

हो. बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ, सेलवरची खेळणी, सायकलचं पंक्चर. भिंतीच्या सॉकेटला जोडली जाणारी वस्तू मात्र मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय नाही.

कुणाला शॉक बसलाच तर?

त्याला हात लावू नका. आधी मेन पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने वायरीपासून दूर ढकला. श्वास चालू नसेल तर छातीवर दाब द्यायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला १०८ वर फोन करायला सांगा. माणूस उठून बसला, "काही नाही झालं" म्हणाला तरी डॉक्टरला दाखवा, हृदयाचे ठोके मागाहूनही बिघडू शकतात. म्हणूनच विजेचं काम घरात एकटं असताना करायचं नाही.

खरंच पैसे वाचतात का?

पहिल्या वर्षी नाही. हत्यारांत जातात, आणि एखादी वस्तू तुमच्या हातून कायमची जाते. माझ्या हातून सासूबाईंचा टेबलफॅन गेला. त्या अजून तो विषय काढतात.

काढलेले जुने भाग ठेवू का?

स्क्रू, स्प्रिंगा, नट, चांगल्या वायरी बरणीत ठेवा, कामी येतात. कॅपॅसिटर, सर्किट बोर्ड, बॅटऱ्या ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या. कुकरची जुनी रिंग मात्र कात्रीने कापून मगच टाका. अख्खी ठेवली की नवी सापडत नसेल त्या दिवशी कुणीतरी तीच धुऊन परत लावतं. आमच्याकडे लावली होती, मीच.